हात हातात असेपर्यंत

बांगडी फुटली असं तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. वाढली म्हणायचं. तसं आमच्याकडे सगळ्याच बायका म्हणतात, पण चुकून एखादीच्या तोंडून 'फुटली' निघून गेलं तर कुणी एवढं मनावर घेत नाही. ही मात्र टोपलीवर फडकं टाकून मोकळी व्हायची. "जा बया, त्या पल्याडच्या कासाराकडं जा. तितं फुटत्यात," म्हणायची आणि त्या बाईकडे सरळ पाठ करून बसायची. मग त्या बाईनं मनधरणी करायची, सोबतच्या बायकांनी पदरात हसू दाबायचं, आणि बऱ्याच वेळानं हिनं मान न वळवता नुसता हात मागे पसरायचा. म्हणजे समजायचं, राग गेला, आता हात दे.

जुन्नरच्या रविवारच्या बाजारात हा तमाशा मी कितीदा तरी पाहिला, कारण ती बसायचीच आमच्या दुकानाच्या पायरीवर. आमचं शिंप्याचं दुकान. माझे मालक वर मशीनवर आणि ती खाली टोपली घेऊन. बांगड्यांचे जोड बांधायला तिला चिंध्या लागत, त्या आमच्याच दुकानातून जात. "ए दर्जी, लाल चिंधी टाक. हिरव्या बांगड्या लाल चिंधीत खुलत्यात," असा हुकूम सुटायचा आणि हे हातातलं गिऱ्हाइकाचं काम ठेवून लाल चिंधी शोधत बसायचे. तिचा चहाही आमच्याच घरून जाई. तो ती साय धरेपर्यंत समोर ठेवी, आणि मग गार झाला म्हणून मला बोल लावी.

मण्यारांच्या घरातली ती. मुसलमान मण्यार, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा धंदा. नवरा गेल्यावर टोपली हिच्या डोक्यावर आली. हिंदू असो, मुसलमान असो, सगळा बाजार तिला चाची म्हणे. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही आणि माझं तिनं लक्षात ठेवलं नाही. तिला नावं राहायचीच नाहीत. हात राहायचे. बायकांना ती बांगडीच्या मापानं ओळखे. भर बाजारात एखाद्या पाटलिणीला "ए पावणेतीन, सुनेचं कसं काय हाय?" असं हाकारे, आणि पाटलीणही निमूट उत्तर देई. मी सव्वादोन. लग्न होऊन आले तेव्हा माझा हात उलटासुलटा करून तिनं वर मशीनकडे बघत विचारलं होतं, "एवढासा हात? सुई तरी उचलती का ही?" हे इतके हसले की मशीनचा दोरा तुटला.

ओझरच्या जत्रेला ती गणपतीच्या देवळाबाहेर बसत असे. आत जात नसे, पण निघताना कळसाकडे बघून मान लववी. एकदा मला म्हणाली, "तुमच्या या देवाचं मला लई वाईट वाटतं. चार हात, आन्‌ माप कुनी घेतलं न्हाई."

तिच्याबद्दल पुढे जुन्नरमध्ये एकच गोष्ट सांगितली जाऊ लागली. बाकी सगळं लोक विसरले. तिनं एका विधवेला हिरवा चुडा भरला, नवरा गेल्याचं ठाऊक असून भरला, अशी ती गोष्ट. ती खरी आहे. ती विधवा म्हणजे मी.

आता तिची बांगड्या भरायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हात ती मांडीवर घ्यायची. अंगठ्याच्या मुळाशी, मग एकेका पेराशी दाबत दाबत सगळा पंजा मऊ करायची, आणि दाबता दाबता बोलतं करायची. "हाडं आवळून धरलीस. कुनासंगं भांडून आलीस?" बाई म्हणायची, छे, कुठं काय. "मग दीर आलाय का सासू?" दोन-तीन प्रश्नांत बाई भडाभडा सांगू लागे आणि तेवढ्यात बांगडी कधी चढली ते तिलाही कळत नसे. बाईचा हात तेलानं मऊ होत नाही, बोलल्यानं होतो, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या हातून भरताना बांगडी वाढलेली मी पाहिली नव्हती. तिला त्याचा गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

आणि दुसरी गोष्ट. हात हातात असेपर्यंत ती खोटं बोलत नसे. एरवी ती काही सत्यवचनी नव्हती. फिरोजाबादची म्हणून कुठलीही बांगडी गळ्यात मारायची. पण एकदा हात धरला की नाही. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "काचंला कळतं."

निमगाव सावाची एक बाई होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत गेला होता आणि बरेच महिने त्याची काही खबर नव्हती. एका रविवारी अर्ध्या बांगड्या भरून झाल्यावर तिनं विचारलं, "चाची, येतील ना वं ते?" चाचीनं तिचा हात उचलला, हळूच तिच्याच मांडीवर ठेवला, आपले हात मागे घेतले आणि मग म्हणाली, "येतील की. न येयाला काय झालं?" ती बाई आपल्या सुट्या हाताकडे बघतच राहिली आणि रडायला लागली. चाचीची ही खोड सगळ्या बाजाराला माहीत होती. हात सोडून बोलली म्हणजे ती समजूत, खरं नव्हे.

ती बाई गेल्यावर हे वरून म्हणाले, "चाची, एकदा तरी हात धरून खोटं बोला की. कुनाचं काय जातंय?"

"तू तुझं शिव," चाची म्हणाली.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर मला दिवस गेले. लोकांनी आशा सोडली होती, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नवस बोलायचंही सोडून दिलं होतं. डोहाळजेवणाला हिरवा चुडा चाचीनंच भरला. रीतीप्रमाणे आशीर्वादाची एक बांगडी जास्तीची घातली, मी वाकून नमस्कार केला, आणि "जल्मसावित्री हो!" असं ती इतक्या मोठ्यानं ओरडली की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. आशीर्वाद हळू दिला तर तो पोचत नाही, असंही तिचं एक मत होतं.

बाळंतपणात मात्र मी अडले. सुईण थकली, जुन्नरच्या डॉक्टरांनीही हात टेकले आणि मंचरला न्यायला सांगितलं. तिथे एका डॉक्टरांनी नवं खाजगी इस्पितळ काढलं होतं, ते पोट फाडून मूल काढत. पोट फाडून बाई वाचते हे तेव्हा आमच्याकडे कुणाला खरं वाटत नसे. यांनी कुणाची तरी मोटार मिळवली आणि मला नेलं. वाटेत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, एवढंच मला आठवतं.

ऑपरेशनच्या आधी नर्सबाईंनी साबण लावून माझ्या बांगड्या काढल्या. हात सुजले होते, काही निघेनात, तेव्हा त्यांनी फडकं गुंडाळून त्या फोडल्या. त्या कळांतही मी ओरडले, "वाढवल्या म्हणा, बाई, वाढवल्या म्हणा!" नर्सबाई मंगळूरकडच्या, त्यांना काय कळणार? हे दाराशी उभे होते. मला आत नेताना त्यांनी माझा दंड धरला होता आणि आतून सोडा म्हणाले तेव्हा सोडला. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.

शुद्धीवर आले तेव्हा मी आधी मूल पाहिलं नाही, मनगटं पाहिली. दोन्ही उघडी. आमच्यात बाईचे हात असे कधी उघडे होतात ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी घाबरून हाक मारली तशी नर्सबाईंनी मुलगी दाखवली आणि सांगितलं, तुमचे मालक बघून गेले, बाळाचे कपडे आणायला आणि आईला घेऊन यायला घरी गेलेत, उद्या येतील. मला पटलं. अंगडी-टोपडी त्यांनी स्वतःच्या हातानं शिवली होती आणि घाईत ती दुकानातच राहिली होती. तोवर बाळाला गुंडाळायला इस्पितळाच्या जुनेराची घडी कशी घालायची हे त्यांनीच नर्सबाईंना शिकवलं होतं म्हणे.

ते आले नाहीत. आत्याबाई आल्या, धाकट्या दिरांबरोबर. दीर खोलीच्या आत आलेच नाहीत. आत्याबाई खाटेकडे पाठ करून बसल्या.

"हे आलं न्हाईत?" मी विचारलं.

"लग्नसराईचं काम हाय दुकानात. येईल," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

लग्नसराई होती, हे खरं. पण मूल झाल्यावर मशीनवर बसणारा तो माणूस नव्हता. मी म्हटलं, "आत्याबाई, कुनाकडनं तरी बांगड्या भरून घ्या मला. उघडं हात बरं दिसत न्हाईत." एक बांगडी कमी दिसली तर पाण्याचा हंडा खाली ठेवायला लावणारी ही बाई. ती म्हणाली, "घरी गेल्यावर बगू." त्यापुढे मी विचारायचंच सोडलं. विचारलं तर कुणीतरी सांगून टाकेल, ही भीती. रात्रंदिवस मी आपली मनगटं पदराखाली झाकून पडून राही.

आणि मला दूध येईना.

नर्सबाईंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. मुलीला छातीवर घेतलं की तिचे पाय टाक्यांवर यायचे आणि जीव जायचा. म्हणून त्यांनी मला कुशीवर केलं, मुलीला माझ्या काखेखाली आडवं धरलं, तिचे पाय माझ्या पाठीकडे, म्हणजे पोटाला धक्का नको. गरम फडक्यानं शेकलं, बोटांनी दाबून दाखवलं, थोड्या थोड्या वेळानं मुलीला लावत राहिल्या. "पोट कापलेल्या बाईला उशीर लागतो, येतं, मन घट्ट ठेवा," म्हणायच्या. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, पोट फाडल्यावर कसलं दूध, ते वाटेतच आटतं. पण मला ठाऊक होतं की खरं कारण पोटात नव्हतं. मुलगी तोंड लावायची, माझे कान सगळे दाराकडे. थोडा वेळ ओढून ओढून ती तोंड फिरवायची आणि किंचाळायची.

मग कापसाच्या बोळ्यानं शेळीचं पातळ दूध सुरू झालं. ते तिला सोसेना. पोट सुटलं, हातापायांच्या काड्या झाल्या. आधी ती किंचाळत होती, मग नुसती कुरकुरायला लागली, मग तेही कमी झालं. डॉक्टर आत्याबाईंना व्हरांड्यात नेऊन बोलले ते मला आत ऐकू आलं. आईचं लागलं तर पोर जगेल, नाहीतर सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आणि टाके वाळेपर्यंत हिला काही कळू देऊ नका, असंही म्हणाले. दुसरं वाक्य मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं ठरवलं.

चाची आली ती भर दुपारी. टोपली काखेत, पायांवर धूळ. ती मंचरला कशी पोचली कुणास ठाऊक. व्हरांड्यात आत्याबाईंचं आणि तिचं जे झालं ते आत्याबाईंनी मला फार पुढं सांगितलं.

"टोपली भायेरच ठेव," आत्याबाई म्हणाल्या होत्या. "माझ्या लेकाची राख झाली आन्‌ तू चुडा भराया आलीस? देव बगतोय."

"मीबी बगती हाय," चाची म्हणाली होती. "दर्जी माझाबी कुनीतरी व्हता, बाई. पर त्यो गेला. ही पोर हाय अजून."

"लोक शेन घालतील तोंडात."

"माझ्या घालू द्या. पोर तुमची ऱ्हाऊ द्या."

मग ती आत आली. मी तिला पाहिलं आणि रडूच फुटलं. तिनं नेहमीसारखं "काय गं सव्वादोन" म्हटलं नाही. टोपलीतून आधी अंगडी-टोपडी काढली आणि मुलीच्या अंगावर ठेवली.

"ह्यांनी पाठवली?" मी विचारलं.

"त्यानंच शिवल्याली हायेत," ती म्हणाली.

मग खाटेच्या कडेला बसून तिनं माझा हात घेतला. हिरव्या बांगड्या, लाल चिंधीत बांधलेल्या. पेरं दाबायला लागली. नेहमीसारखं काही विचारलं नाही. मीच विचारलं. तो प्रश्न मी इतके दिवस दातांखाली धरला होता, पण चाचीनं हात धरल्यावर तो तिथे राहीना.

"चाची, हे बरं हायेत ना?"

तिनं हात सोडला नाही. सोडला असता तर मला तिथेच कळलं असतं. ती बोललीही नाही. खाली मान घालून तिनं पहिली बांगडी चढवली आणि ती तडकन वाढली. दुसरी वाढली. माझ्या मनगटावर रक्ताचा थेंब आला, तो तिनं पदरानं टिपला आणि पुढची उचलली. मला वाटलं, माझे हात अजून सुजलेले आहेत. एका पाठोपाठ एक तिनं दोन्ही हात भरले, आशीर्वादाची जास्तीची बांगडीही घातली. मी पडल्या पडल्या हात जोडले. ती मोठ्यानं ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. शेजारच्या बाईला दचकू नका असं सांगणार होते. ती ओरडली नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून "हिला दूध लागू दे, अल्ला," एवढंच पुटपुटली आणि टोपली उचलून गेली.

पण माझे हात भरलेले होते. विधवेला कोण बांगड्या भरतं? चाचीनं भरल्या म्हणजे हे आहेत. आहेत आणि आले नाहीत, म्हणजे रुसलेत. मुलगी झाली म्हणून रुसलेत! मला इतका संताप आला की रडू पळालं. बरं होऊन घरी जाऊ दे, मग बघते, एवढ्या वर्षांनी झालेलं मूल आणि ह्यांना मुलगा हवा होता काय! रागारागानं कुशीवर होऊन मी मुलीला काखेशी ओढली, नर्सबाईंनी शिकवलं होतं तशी. बांगड्या वाजल्या. तिनं तोंड लावलं, आणि थोड्या वेळानं तिच्या गळ्यातून घोट गिळल्याचा आवाज आला. नर्सबाई धावत आल्या. आत्याबाई उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

बांगड्यांमुळे दूध आलं की यायचंच होतं म्हणून आलं, ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, अशा बाळंतिणींना ते उशिराच उतरतं, नर्सबाईंची मेहनत फळाला आली. असेलही. मुलगी जगली एवढं खरं. दिवसागणिक तिच्या गालावर मास चढत गेलं, आणि मी तिला पाजता पाजता तिच्या बापाला मनात शिव्या घालत राहिले. जो माणूस त्या पहिल्याच रात्री घरी जाताना कळंबजवळ कांद्याच्या लॉरीखाली सापडून गेला होता, त्याच्यावर मी तेवढे दिवस रुसून होते. त्यांचं दहावं झालं, तेरावं झालं, आणि मी हिरव्या बांगड्या वाजवत मुलीला खेळवत होते.

घरी आले तेव्हा बाळ-बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळायला कुणी पुढं आलं नाही. उंबऱ्यातून दुकानात नजर गेली. मशीनवर चादर टाकलेली होती. आत्याबाईंनी मुलीला माझ्याकडून घेतलं आणि तिथेच खाली बसल्या. त्यांना बोलावं लागलं नाही.

गल्लीतल्या बायका जमल्या. बांगड्या फोडायला कुणीतरी वरवंटा आणला. तेवढ्यात गर्दीतून चाची घुसली. तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला, पाणी आणि साबण मागितला आणि एकेक बांगडी दाबून दाबून सबंध काढली. एकही वाढू दिली नाही. बायका बघत राहिल्या. मी तिच्या अंगावर किंचाळत होते. "तुला ठावं व्हतं! ठावं असून भरल्यास! माझं रडनं बी चोरलंस!" ती बांगड्या लाल चिंधीत बांधून घेऊन गेली. कुकडी नदीत सोडल्या असं पुढं ऐकलं.

माझं दूध मात्र आटलं नाही. सगळे म्हणत होते, आता आटणार. मी दिवसभर जमिनीवर पडून असे, अन्न जात नसे, आणि छाती वेळच्या वेळी भरून येई. मला त्याचीही चीड येई.

पुढचं काही एका दिवसात झालं नाही. भेटायला आलेल्या बायकांना आत्याबाईंनीच रडता रडता सांगितलं, आणि ते बाजारभर झालं. त्या हातांनी पांढऱ्या कपाळाला चुडा भरला, ते हात आपल्याला कसे चालतील? पहिल्यांदा नव्या नवऱ्या यायच्या थांबल्या, मग गरोदर बायका, मग सगळ्याच. पाटलीणही कासाराकडे जाऊ लागली. काही रविवार चाची रिकामीच, टोपलीवर हात ठेवून आमच्या पायरीवर बसली. मी आत मशीन शिकत होते, चहा पाठवत नव्हते. मग एका रविवारी ती आलीच नाही. ओढ्याकडेला कुंभारांच्या रांगेत बसायला लागली, असं कळलं. तिकडे डोंगरातल्या, आंबेगावच्या पल्याडच्या बायका बाजाराला उतरत. त्यांना ही गोष्ट माहीत नव्हती. त्या भरून घेत.

मुलगी वाढली. शाळेत जायच्या वयाची झाली, आणि तिला काचेच्या बांगड्यांचं वेड लागलं. एका रविवारी तिनं फारच हट्ट धरला तेव्हा मी तिचा हात धरून उठले आणि कासाराच्या दुकानावरून पुढे, थेट ओढ्याकडे गेले. माफ करायला नव्हते गेले. चांगली भांडायला गेले होते. इतकी वर्षं त्या बाईनं मला एक शब्दही दिला नव्हता, तो मला तिच्या तोंडून हवा होता.

मडक्यांच्या रांगेत ती बसलेली होती. बरीच वाकली होती. मी समोर उभी राहिले, तिनं वर पाहिलं, आणि टोपलीवर फडकं टाकून पाठ करून बसली. मी भांडण काढायच्या आत मुलीनं आपण होऊन पुढं होत आपला हात तिच्या खांद्यावरून समोर धरला.

चाचीनं तो धरला. पेरं दाबायला लागली. बाजूच्या कुंभारणी बघत होत्या, बाजारातल्या दोन-चार ओळखीच्या बायकाही थांबल्या.

"हिला अजून माप न्हाई," ती म्हणाली. लहान बांगड्या काढून तिनं एकेक चढवली. एकही वाढली नाही. मुलीनं वाकून नमस्कार केला, आणि मग, किती वर्षांनी, चाची ओरडली, "लई जग, माझे बाय!" एक म्हातारा मडक्याला धक्का लागेल इतका दचकला. मुलगी हात वाजवत पळाली.

चाचीनं मान न वळवता रिकामा हात मागे पसरला.

मी भांडायला आलेली बाई. पण इतकी वर्षं आमच्या पायरीवर तो हात पसरलेला पाहिला होता. मी समोर जाऊन बसले आणि माझा दिला.

"सव्वादोन," ती म्हणाली. तिचे अंगठे माझ्या पेरांवरून फिरले. "मशीन वडून घट्टं पडलं की गं." तिची मनगटं उघडी, माझी उघडी. टोपलीकडे तिनं हात नेला नाही. नुसतं दाबत राहिली.

"तितं मंचरला मला तू काय तरी इचारलं व्हतंस," ती म्हणाली. "जबाब द्याचा ऱ्हायलाय. आता इचार."

तिनं घाई केली नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबत ती वाट बघत होती.

"चाची," मी म्हटलं, "हे बरं हायेत ना?"

"न्हाई गं बाय," ती म्हणाली. "गेला त्यो. तू शुद्धीवर येयाच्या आदीच गेला."

ही बातमी मला आत्याबाईंच्या तोंडावर दिसली होती, गल्लीनं दिली होती, पांढऱ्या कपाळानं रोज आरशात दिली होती. पण माझा हात धरून कुणी दिली नव्हती. ओढ्याकाठी, मडक्यांच्या रांगेत, सगळ्या बाजारासमोर मी तोंड उघडून रडले. तेव्हाचं राहिलेलं सगळं रडले. बायका बघत होत्या त्या बघू दिल्या.

माझं रडून होईपर्यंत चाचीनं हात सोडला नाही.